दुसरी मोजणी

सुवार्ता सिस्टरना मी ऑपरेशन थिएटरमधून काढलं, त्या दिवशी आम्ही चेंजिंग रूममध्ये पेढे वाटले होते. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर तुम्ही विचाराल, 'तेव्हा तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?' वाटलं की. आनंद वाटला.

मी डॉ. विश्वंभर हसबनीस, सर्जन, वय चोपन्न. सांगलीच्या अलीकडे हमरस्त्यावर आमचं दीडशे खाटांचं हॉस्पिटल आहे, आणि २०३७ साली त्यातल्या दोन नंबरच्या ओटीचा मी मुख्य होतो. सर्जन चांगला असून भागत नाही, टीम चांगली लागते, हे मी तरुण डॉक्टरांना अगदी व्याख्यान देऊन सांगत असे. माझ्या टीममध्ये चौघं होते. डॉ. अभिनंदन मगदूम हा माझा असिस्टंट. भूल द्यायला डॉ. वैजयंती शेटे. माझ्या हातात अवजारं देणारी स्क्रब सिस्टर नूतन आवळे. आणि टेबलापासून दूर उभ्या राहून सामान पुरवणाऱ्या, फळ्यावर नोंद ठेवणाऱ्या फ्लोअर सिस्टर सुवार्ता कांबळे.

सुवार्ता सिस्टर सत्तावन्न वर्षांच्या, मिरजेच्या. बत्तीस वर्षं ओटीत काढलेली बाई. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांचं आणि माझं वाजायचं ते मॉपवरून. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनात रक्त टिपायला हातरुमालाएवढे जाड कापडी मॉप वापरतात. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यात गेला की दिसेनासा होतो. तो आत राहिला आणि पोट शिवलं, की पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून शिवण्याआधी वापरलेले सगळे मॉप पाच-पाचच्या ओळीत मांडून दोनदा मोजतात. आधी स्क्रब सिस्टर, मग फ्लोअर सिस्टर. दोघींचा आकडा एक आला आणि फळ्यावरच्या आकड्याशी जुळला, की मी सुई हातात घ्यायची.

नूतन मोजायला लागली की सुवार्ता सिस्टर पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायच्या. मग वळून उलट्या टोकापासून मोजायच्या, आणि तेही कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. त्यांची आई अथणीची. "मराठीत मोजलं की नूतनचा आकडा माझ्या तोंडात येतो, सर. कानडीत येत नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि दर आठ-दहा दिवसांनी एकदा ठरलेलं वाक्य यायचं, "सर, शिवू नका. मला एक कमी दिसतोय."

मग सगळं थांबायचं. मी सुई हातात धरून उभा, वैजयंती घड्याळाकडे बघतेय, नूतनचा चेहरा पडलेला, कारण तिचा आकडा खोटा ठरलेला असे. दहापैकी नऊ वेळा मॉप बादलीत नाहीतर कुणाच्यातरी पायाखाली सापडायचा. मी पुटपुटायचो, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." दहाव्या वेळी तो पोटात सापडायचा, पण ती वेळ मी कधी हिशेबात धरली नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सांगड आलं.

सांगड म्हणजे एक यंत्रणा. पुण्याच्या एका कंपनीची इंजिनियर सानिका रेळेकर ती बसवायला आली होती. तिने आम्हाला समजावलं ते असं. चांगलं जमलेल्या टीममध्ये माणसांचे श्वास आणि हृदयाचे ठोके नकळत एकमेकांच्या जवळ येतात. भजनी मंडळात येतात, एकत्र नाव वल्हवणाऱ्यांत येतात. शास्त्रज्ञांना हे जुनं ठाऊक होतं. सांगडने ते मोजलं आणि मग वाढवलं. भिंतीवरचा कॅमेरा आमच्या कपाळाच्या त्वचेकडे बघत असे. दर ठोक्याला त्वचेचा रंग किंचित बदलतो, आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. शिवाय प्रत्येकाच्या कानाच्या वाटीत हरभऱ्याच्या डाळीएवढं एक बटण, जे खोलीबाहेर ठोके मोजायचं कामही करी. मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूची एक बारीक फांदी तिथे कातडीच्या अगदी खालून जाते. कुणाचा ठोका टीमच्या लयीतून सुटला की बटण त्या फांदीला विजेचा हलका स्पर्श करी आणि ठोका परत लयीत येई. आपल्याला जाणवायची ती फक्त कानात थोडी ऊब. कॅमेऱ्याखालच्या पाटीवर शंभरपैकी आकडा उमटे. त्याला मेळ म्हणायचं.

पहिल्या दिवशी आमचा मेळ एकसष्ट आला. एक नंबरच्या ओटीचा ब्याऐंशी होता. मला जेवण गेलं नाही.

सानिकाने मला स्क्रीनवर पाच रेषा दाखवल्या. चार एकमेकींना धरून चाललेल्या, पाचवी सारखी उसळत असलेली. "या मॅडमचा ठोका फार अडखळतो, सर. दर थोड्या वेळाने दचकल्यासारखा."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"तब्येत ठणठणीत आहे. जुळत नाहीत, एवढंच."

बत्तीस वर्षांची नोकरी, आणि मी एका रेषेवरून निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"सिस्टर, निर्जंतुकीकरण विभागाला तुमच्यासारखं अनुभवी माणूस हवंय. बढतीच समजा."

"बढती तळमजल्यावर असती व्हय, सर?"

मी हसून घेतलं. त्या हसल्या नाहीत. "माझं काही चुकलं असलं तर तसं सांगा."

"छे, छे. काहीच नाही."

"मग काउंट कोण करणार?"

"ब्रदर जयसिंग. चांगला मुलगा आहे."

"चांगलाच हाय. म्हणून तर म्हणते. नूतनला तो ताई म्हणतो. ताईला खोटं पाडायचा नाही तो." एवढं बोलून त्या उठल्या. दाराशी थांबतील असं वाटलं होतं, पण थांबल्या नाहीत.

त्या दिवशी मेळ अठ्ठ्याऐंशी आला आणि अभिनंदनने पेढे आणले.

पुढचे आठ महिने मी आयुष्यात विसरणार नाही. तोंडातून शब्द निघायच्या आधी नूतनचा हात पुढे आलेला असायचा. मी जिथे चिमटा लावणार तिथे अभिनंदन आधीच जागा करून बसलेला. आवाज चढणं नाही, रुसवेफुगवे नाहीत. तासाभराचं काम चाळीस मिनिटांत. जयसिंग तर जणू जन्मापासून आमच्यातच होता. मेळ सत्त्याण्णववर गेला तेव्हा हॉस्पिटलने आमचा सत्कार केला आणि माझं भाषण झालं. 'टीम कशी बांधावी' या विषयावर. माणसं निवडताना कठोर व्हा, असं मी त्यात म्हणालो होतो. आम्हाला ती बटणं इतकी आवडायला लागली की जेवताना, मीटिंगला, डबा खाऊन गप्पा मारतानाही कुणी काढेना. काढलं की उगाच एकटं वाटायचं. खरं सांगतो, पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोशी माझं इतकं कधी जमलं नव्हतं, आणि हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, हिलाही एक बटण हवं.

मग कुमुदताई ऐनापुरे परत आल्या.

कुमुदताई एका बालवाडीच्या मुख्याध्यापिका, वय एक्कावन्न. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या आतड्याला पीळ पडला होता, मी ऑपरेशन केलं होतं, आठव्या दिवशी त्या चालत घरी गेल्या होत्या. आता ताप, पोटात गोळा, चेहरा पिवळा. "डॉक्टर, मुलांची नावं विसरायला लागले हो मी," त्या म्हणाल्या आणि कसंनुसं हसल्या. मी एक्स-रे काढायला सांगितला.

आमच्या प्रत्येक मॉपमध्ये एक धागा विणलेला असतो, तो एक्स-रेत पांढरा दिसतो. कुमुदताईंच्या पोटात, डाव्या बाजूला, तो धागा होता. वळून पडलेला, स्पष्ट.

माझे हातपाय गार पडले. आणि त्याच क्षणी कानात ऊब आली, आणि भीती ओसरली. मी शांतपणे म्हणालो, "बघू या काय प्रकार आहे." तेव्हा मला माझ्या या धीराचं कौतुक वाटलं होतं.

ऑपरेशनाचं चित्रीकरण होतंच. दुपारी आम्ही पाचही जण मीटिंग रूममध्ये बसलो, कानात बटणं घालून. मोठ्या पडद्यावर शेवटची मोजणी लावली. फळ्यावर वीस लिहिलेलं. नूतन चिमट्याच्या टोकाने एकेक मॉप दाखवत मोजते, 'वीस.' जयसिंग मोजतो, 'वीस.' मी मान वळवून बघतो, मान हलवतो, सुई मागतो. चित्र थांबवलं. समोर लाल मॉपच्या ओळी. आम्ही मोठ्याने मोजले. वीस. पुन्हा मोजले. वीस.

"मग तो आपला नाहीच," अभिनंदन म्हणाला.

"वीस वर्षांपूर्वी त्यांचं सिझेरियन झालंय," वैजयंती म्हणाली. "दुसरीकडे कुठेतरी."

"तिथलाच असणार," नूतन म्हणाली.

"तिथलाच," जयसिंग म्हणाला.

आणि मलाही अगदी तेच वाटत होतं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! एवढंच लिहून द्यायचं, दुसऱ्याची चूक आम्ही निस्तरतो आहोत, की झालं. फक्त पुरावा पक्का हवा होता. आमच्या मॉपमधला धागा कसा असतो, दुहेरी की एकेरी, हे निर्जंतुकीकरण विभागात नक्की कळलं असतं. मी एक्स-रे आणि त्या थांबवलेल्या चित्राचा मोठा छापील कागद घेऊन तळमजल्यावर गेलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

सुवार्ता सिस्टर मॉपचे गठ्ठे बांधत होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला.

"आपलाच धागा, सर. दुहेरी हाय. मागच्या वर्षीपासून दुहेरी यायला लागला."

"कसा असेल? काउंट बरोबर होता. हे बघा ना, वीस."

त्यांनी कागद टेबलावर पसरला, चष्मा वर सरकवला आणि उलट्या टोकापासून बोट फिरवत गेल्या. ओठ हलत होते. "हत्तोंबत्तु," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "एकोणीस हायत."

मी हसलो. मोठ्याने हसलो. "सिस्टर, आम्ही पाच जणांनी मोजलेत. दोनदा."

त्यांनी पेन घेतलं आणि प्रत्येक मॉपवर आकडा घातला. एक, दोन, तीन. एकोणीसपर्यंत. शेवटच्या ओळीत चारच होते. पाचवी जागा रिकामी होती, तिथे हिरवं कापड दिसत होतं.

मला ते दिसलं. छातीत धस्स झालं. आणि कानात ऊब आली.

धस्स गेलं. मी कागदाकडे पाहिलं आणि मनात आलं, तसे वीसच आहेत, यांनी आकडे घालताना कुठेतरी घोळ केला असणार. पुन्हा शेवटची ओळ पाहिली. पुन्हा धस्स. पुन्हा ऊब. पुन्हा वीस. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी माझ्या मनात शंका येताना पाहिली आणि ती पुसली जाताना पाहिली.

"सर," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या, "ते कानातलं काढा बघू."

माझा हात उठेना. खोटं वाटेल, पण एवढंसं बटण काढायला मला दोन हात लागले. टेबलावर ठेवलं आणि मोजलं. एकोणीस. लहान मुलालाही दिसले असते.

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

सानिकाला मी तिथूनच फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने जे सांगितलं ते असं. आपल्याला कुठे काही चुकतंय असं जाणवलं, की विचार सुरू व्हायच्या आधीच मेंदू एक इशारा देतो आणि हृदय क्षणभर अडखळतं. ते अडखळणं म्हणजेच शंकेची सुरुवात. सांगडला शंका ठाऊक नाही, लय ठाऊक आहे. अडखळलेला ठोका दिसला की ते त्याला लयीत आणतं. इशारा तिथेच विझतो. मग मेंदू जे अपेक्षित आहे तेच बघतो. वीस अपेक्षित असतील तर वीस.

"म्हणजे सुवार्ता सिस्टरची उसळणारी रेषा..."

"त्यांना चूक दिसत होती, सर. दर वेळी." "मी तुम्हाला म्हटलं, त्या जुळत नाहीत."

पुढचं गणित मला कुणी सांगायला नको होतं. एक माणूस मोजताना शंभरात एकदा चुकतो, असं धरा. दुसऱ्याने आपल्या डोळ्यांनी मोजलं, तर दोघांची एकाच वेळी चूक व्हायची शक्यता दहा हजारांत एक. दुसऱ्या मोजणीचं मोल तेवढंच असतं. पण दुसरा पहिल्याच्याच मनाने मोजत असेल, तर ती मोजणी नसते, मान हलवणं असतं, आणि शक्यता परत शंभरात एकवर येते. आठ महिन्यांत आम्ही दोनशे बारा पोटं उघडून शिवली होती.

पण आधी कुमुदताई. ताप वाढत होता, पू झालेला होता, थांबून चालणार नव्हतं. संध्याकाळच्या आत ऑपरेशन करायचं ठरलं. इथे मी दुसरी चूक केली. मला वाटलं, दोष यंत्राचा आहे, टीम माझी चांगलीच आहे. मी चौघांना सगळं सांगितलं. सगळे हादरले, नूतन रडली. बटणं काढून एका डब्यात टाकली. त्याच चौघांना घेऊन मी हात धुवायला लागलो. सुवार्ता सिस्टरना मात्र म्हटलं, "तुम्ही या. दुसरी मोजणी तुम्ही करायची."

"येते," त्या म्हणाल्या. "पण मी थांबा म्हटलं की थांबायचं. पुटपुटायचं नाही."

मी मान खाली घालून हो म्हणालो.

मॉप सापडला. त्याच्याभोवती आतडी चिकटून बसली होती. ती सोडवायला दोन तास गेले, मधे एकदा रक्ताची धार लागली आणि आम्ही भराभर नवे मॉप घातले. बटणांशिवाय हात थोडे अडखळतील असं वाटलं होतं, पण अडखळले नाहीत. काम नेहमीसारखं सुरेख चाललं होतं. पोट धुतलं, रक्त थांबलं, जुना मॉप वेगळ्या डब्यात गेला. फळ्यावर नवे दहा. नूतनने मोजलं.

"दहा, सर."

"दहा," जयसिंग म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सुवार्ता सिस्टर भिंतीकडून वळल्या, उलट्या टोकाला गेल्या. ओंदु, एरडु. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "ओंबत्तु." त्या थांबल्या. परत मोजलं. "सर, नऊ. शिवू नका."

मी वळून पाहिलं. पाचच्या दोन ओळी. दहा. मी बोटाने हवेत मोजले. दहा. कानात काही नव्हतं, ऊब नव्हती, यंत्र डब्यात पडलेलं होतं. स्वच्छ डोळ्यांनी मला दहा दिसत होते.

"दहा आहेत, सिस्टर," मी म्हणालो.

"दहाच आहेत," अभिनंदन म्हणाला.

"पेशंटचं बीपी उतरतंय," वैजयंती म्हणाली. "दहा आहेत, सर. मलाही इथून दिसतायत. आवरा."

टेबलावर कुमुदताईंचं पोट उघडं होतं आणि प्रत्येक मिनिट त्यांना महाग पडत होतं. एका बाजूला आम्ही पाच शिकलेली माणसं आणि माझे स्वतःचे डोळे. दुसऱ्या बाजूला सत्तावन्न वर्षांची एक बाई, ओळीच्या टोकाला बोट ठेवून उभी. त्या बोटाखाली मला मॉप दिसत होता. त्यांना नव्हता दिसत.

"सर," त्या एवढंच म्हणाल्या, "थांबायचं ठरलं होतं."

मी सुई खाली ठेवली. माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता असं म्हणणं खोटं होईल. मला त्या चुकताहेत असंच वाटत होतं. मी फक्त शब्द पाळला. हात आत घातला, यकृताच्या खाली बोटं सरकवली, काही नाही. डावीकडे, प्लीहेच्या मागे. तिथे बोटांना काहीतरी मऊ, ओलं, जाळीदार लागलं.

मी तो मॉप बाहेर ओढून काढला आणि हातात धरला. त्याच्यातून रक्त ठिबकत होतं, तो दहावा होता, तो माझ्या मुठीत होता, आणि तरीही समोरच्या ओळींत मला अजून दहाच दिसत होते.

वैजयंती हळूच म्हणाली, "सर, पाटी."

बटणं आम्ही काढली होती, पण भिंतीवरचा कॅमेरा बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाटीवर आमचा मेळ होता. शहाण्णव. यंत्राने जे आठ महिने करवून घेतलं होतं ते आता आमची शरीरं आपण होऊन करत होती. एकाला शंका आली की उरलेले चार जण ती विझवत होते, एकमेकांजवळ नुसतं उभं राहून.

शिवण मी घातली नाही. एक नंबरच्या ओटीतल्या सर्जनला कानातलं बटण काढून यायला सांगितलं, आणि त्याच्यासमोर सुवार्ता सिस्टरनी पुन्हा मोजलं. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

कुमुदताई वाचल्या. तिसऱ्या दिवशी शुद्ध नीट आल्यावर मी त्यांना एकट्यानेच जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या बालवाडीत एक जरी मूल रडलं तरी मी आधी बघते की त्याला काय दिसलंय. तुमच्यात कुणी रडायचंच नाही होय?"

त्याच दिवशी दुपारी मी टीमला बोलावलं. सुवार्ता सिस्टरही होत्या, खिडकीपाशी बसलेल्या. मी कागद पुढे ठेवला. अभिनंदन दुसऱ्या गावच्या शाखेत, वैजयंती एक नंबरच्या ओटीत, नूतन बाळंतपणाच्या विभागात, जयसिंग अतिदक्षता विभागात. पाचातले कुठलेही दोघे यापुढे एका खोलीत काम करणार नाहीत. आणि मी राजीनामा देणार.

"मी ही टीम आज मोडतोय," मी म्हणालो. "कुणाची हरकत आहे?"

आठ महिने आम्ही एकमेकांच्या श्वासावर श्वास घेतला होता. निदान जयसिंग रडेल, नूतन भांडेल, अभिनंदन म्हणेल की सर, राजीनामा कशाला. मी खरंच वाट बघत होतो. मला हवं होतं की कुणीतरी नाही म्हणावं.

चौघांनी एकदम मान हलवली. "बरोबर आहे, सर." चारही आवाज एकाच वेळी.

मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिलो. माझी माणसं होती ती. मी निवडलेली, मीच अशी केलेली.

"माझी हाय हरकत," खिडकीकडून आवाज आला.

आम्ही पाचही जण एकदम वळलो.

"ह्यांना पाठवा कुठं पाठवायचं ते," सुवार्ता सिस्टर म्हणाल्या. "पण राजीनामा देऊन तुम्ही चाललात कुठं, सर? दोनशे अकरा माणसं हायत बाहेर. कुणाच्या पोटात काय हाय, देवाला ठाऊक. त्यांना कोण सांगणार? मी? मी तर तळमजल्यावर होते."

त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. ती आधीच काढून आणली होती. पहिलं नाव होतं दऱ्याप्पा बिरनाळे, वय त्रेसष्ट, गाव कवठेएकंद.

चौघांना मी जायला सांगितलं आणि फोन लावला. सुवार्ता सिस्टर पेन घेऊन शेजारी बसल्या. दोन रिंगमध्ये उचलला गेला.

"अगं, हसबनीस डॉक्टरांचा फोन आलाय!" दऱ्याप्पा पलीकडे कुणालातरी ओरडून सांगत होते. मग मला, "डॉक्टरसाहेब, बोला की! परवाच पाहुण्यांना सांगत होतो, ह्या माणसामुळं उभा हाय म्हणून. अशी टीम न्हाई बघा कुठं!"

मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला लागलो. सुवार्ता सिस्टरनी पेनाने टेबलावर एकदा टकटक केलं.

"दऱ्याप्पा," मी म्हणालो, "नीट ऐका. आमच्याकडून तुमच्या ऑपरेशनात चूक झालेली असू शकते."